कोमट पाण्यातला मासा

रंगाऱ्याच्या बहिणीने आपल्या बंद घरातून एक पेटी आणली, टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "यांना नवा रंग देशील? त्यांच्या मनात होतं. राहूनच गेलं."

पेटीत मोठ्या माशांना भुलवायला गळाच्या दोरीला बांधायचे प्लास्टिकचे मासे होते. काही बोटभर, काही वीतभर. रंग उडालेले, पाठीवर खऱ्या माशांच्या दातांचे ओरखडे. दाजींचा फार जीव होता त्यांच्यावर. गेल्या हिवाळ्यात दाजी तळ्यावर गेले ते गेलेच. होडी सापडली, ही पेटी सापडली. दाजी सापडले नाहीत. तेव्हापासून ताई भावाकडे राहत होती. राहत होती म्हणजे काय, खिडकीशी बसून असायची.

भावाची हयात दुकानांच्या पाट्या रंगवण्यात गेलेली. असल्या नाजूक कामाला त्याने कधी हात लावला नव्हता. पण इतक्या महिन्यांत बहिणीने पहिल्यांदा तोंड उघडून काही मागितलं होतं. नाही कुठल्या तोंडाने म्हणणार?

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो कामाला लागला. पकडीने गंजलेले गळ काढले. दात घासायच्या जुन्या ब्रशने, साबणाच्या पाण्यात, कानाकोपऱ्यातलं शेवाळ खरवडलं. चिकटवलेले डोळे नखाने सोलले. एकावर थिनरचा बोळा फिरवून पाहिला, तर प्लास्टिकच चिकट व्हायला लागलं; मग तो नाद सोडून पॉलिश पेपर ओला करून हलक्या हाताने घासत बसला. हळूहळू खोलीत तळ्याचा वास भरला. चिखलाचा, गंजाचा, आणि खाली साचून राहिलेल्या कशाचा तरी. ताई दारात उभी राहून बघत होती.

"आतून पोकळ असतात हे," तो म्हणाला. "कुठे चीर असली तर पाणी शिरतं आणि नवा रंग फुगून येतो. म्हणून आधी कोमट पाण्यात बुडवायचं. बुडबुडा आला की तिथे चीर. ती बुजवली की झालं."

त्याने एका भांड्यात कोमट पाणी घेऊन एकेक मासा बुडवून पाहिला. सगळे धडधाकट निघाले. शेवटचा एक करड्या पाठीचा होता. त्याच्या गळ्याखालून बुडबुडा आला.

"सापडली!"

मग दुसरा आला. मग तिसरा. बुडबुडे थांबेनात. एवढ्याशा माशात हवा असून असून किती असणार? एक यायचा, जरा वेळ जायचा, मग पुढचा यायचा. रंगारी भांड्यावर वाकला. ही लय त्याच्या ओळखीची होती. गाढ झोपलेला माणूस असाच श्वास सोडतो.

मासा बाहेर काढायला त्याने हात घातला, तोच ताईने त्याचं मनगट धरलं.

"राहू दे..." ती कुजबुजली. "ते आहेत."

त्या दिवसापासून खिडकी सुटली आणि ताई त्या भांड्यापाशी बसायला लागली. पाणी गार झालं की गरम घालायची. पाण्याशी बोलायची, तेही साधंसुधंच. छत्री सापडली हो, दाराची कडी दुरुस्त केली. तिच्या चेहऱ्यावर जरा तरतरी दिसत होती, म्हणून भावाने तिला अडवलं नाही. पण ती जेवेना. जिन्याच्या चार पायऱ्या चढली तरी धापा टाकायला लागली. डॉक्टर येऊन तपासून गेले. छातीत दोष काही नव्हता.

एका दुपारी रंगारी प्रायमर घेऊन घरी परतला, तर ताई भांड्यावर ओणवी होती. कानापर्यंत तोंड पाण्यात. त्याने हातातलं टाकून तिला मागे ओढलं. तिचे ओठ निळे पडले होते आणि दातांत तो मासा होता.

"त्यांना पुरत नाहीये रे..." तिला बोलवत नव्हतं. "थोडा माझा श्वास... देत होते मी..."

त्याने तिला उचलून पलंगावर ठेवलं, पांघरूण घातलं, श्वास नीट चालू होईपर्यंत पाठ चोळली. मग बाहेर येऊन पडलेला मासा पुन्हा पाण्यात सोडला आणि समोर बसला. बुडबुडा आला.

"दाजी," तो म्हणाला. आपण कुणाशी बोलतोय याची त्याला लाज वाटली, पण तो थांबला नाही. "तुम्हाला गार लागत असेल. एकटं वाटत असेल. सगळं कळतं मला. पण ती मरेल हो... तिला सोडा."

बराच वेळ पाणी निश्चल राहिलं. मग एक बुडबुडा आला, सगळ्यांत मोठा. तो काठापाशी फुटला आणि त्यानंतर काही आलं नाही.

आपणच कुणाच्या तरी नाकातोंडावर हात दाबून धरला, असं वाटून रंगारी हमसाहमशी रडला. मग उठून त्याने पाणी मोरीत ओतून दिलं. मासा वाळवला, चीर बुजवली, घासून सपाट केली. वर प्रायमर दिलं. पाठीला करडा, पोटाला पांढरा रंग दिला आणि नवे डोळे लावले.

दुसऱ्या दिवशी ताई उठली आणि म्हणाली, "काही आहे का रे खायला?"

तिने त्या माशाबद्दल चकार शब्द काढला नाही. हळूहळू अंगावर मूठभर मांस आलं. ती हसायला लागली, भावाच्या अंगावर पूर्वीसारखी खेकसायलाही लागली. पेटीतले बाकीचे मासेही रंगवून झाले.

एकदा दोघं मटार सोलत बसली होती. ताईने आपणहून विषय काढला.

"तू त्यांना, 'तिला सोडा' म्हणालास ना? ऐकलं होतं मी आतून. ते कबूल झाले. हट्टी नव्हतेच कधी."

"तुझं मन दुखावलं का?"

"छे रे. ते सुटले, बरं झालं." तिने एक शेंग फोडली. "त्यांच्याजवळ जे लहान होतं ना, ते मात्र फार रडलं. पाणी ओतून दिलंस म्हणून."

रंगाऱ्याचे हात थांबले. "लहान... कोण?"

ताईने नवलाने त्याच्याकडे पाहिलं.

"मला वाटलं, तुला माहीत असेल. तुलाच तर हाक मारत होतं. मामा, मामा म्हणून... अजून मारतं. तुला ऐकू येत नाही?"

ताईला मूलबाळ कधी झालंच नव्हतं. आणि त्या दोघा बहीणभावांना तिसरं भावंडही नव्हतं.