कोरडी खोली

डॉ. आग्नेल रेबेलोंच्या प्रयोगशाळेतल्या टेबलावर एकाच घडणीची अकरा सर्किट बोर्डं मांडलेली होती. बारावं चंद्रावर होतं, कुमुद तांडेलच्या एका खोलीच्या तळावर, आणि खरं काम त्याच्याशीच होतं.

तीन महिन्यांपूर्वी तिच्या प्रक्षेपकातला एक भाग जळाला होता. कुमुदने नवा बसवून डाग दिला. डाग पक्का बसावा म्हणून लावलेल्या फ्लक्सची राळ बोर्डावर उरली, ती तिने शुद्ध पाण्याने पुसली. तिथेच चुकलं. राळ पाण्यात विरघळत नाही. ती नुसती तडकली आणि आत कोंडलेले क्षार मोकळे झाले. हवेतला ओलावा पिऊन ते भलतीकडे वीज झिरपू देत. तळावरचं हवा कोरडी करणारं शुष्कयंत्र विजेअभावी रोज सकाळी एकदाच चाले. ते थांबल्यावर नऊ मिनिटं बोलता येई. तेवढ्यात कुमुदच्या श्वासाचा ओलावा साचे, खरखर वाढे आणि संपर्क तुटे.

ती नऊ मिनिटं राळ विरघळवणाऱ्या द्रावकांच्या चर्चेत जात. ॲसिटोनने राळ निघे, पण जोडणीचं प्लास्टिकही वितळे. अल्कोहोल सर्वांत चांगलं, तळावर एक बाटली होतीसुद्धा. मात्र त्या बंद खोलीतून काहीच बाहेर जात नसे. वाफ हवा शुद्ध करणाऱ्या यंत्रात शिरली असती तर ते निकामी झालं असतं. बोर्ड बाहेर नेऊन धुवावं, तर निर्वातात द्रावक लावताक्षणी उडून जाई. पर्याय संपत आले तरी दोघं बोलत राहिली. पत्नी गेल्यापासून रेबेलोंचं दिवसभरातलं बोलणं तेवढंच होतं. कुमुदचंही.

मग अन्न घेऊन येणाऱ्या मानवरहित यानाची तारीख ठरली. त्याला उतरताना तळाकडून सलग चाळीस मिनिटं दिशासंकेत हवा होता. कुमुदकडे एकोणीस दिवसांचं अन्न उरलं होतं.

"सर, द्रावक कोणतं वापरू?" तिने विचारलं.

रेबेलोंनी टेबलावरचं एक बोर्ड उचलून उलटसुलट पाहिलं. नऊपैकी दोन मिनिटं त्यातच गेली.

"कोणतंच नको," ते म्हणाले. "राळ राहू दे, क्षार राहू देत. ओलावा नसेल तर ते काही करत नाहीत. आणि कुमुदताई, तिथला ओलावा म्हणजे तुम्ही."

"म्हणजे मी खोलीत नसायचं."

"हो."

खोली पुरती कोरडी व्हायला चार तास लागणार होते. तिच्या पोशाखात सहा तासांची हवा होती. पोशाखातला रेडिओ पृथ्वीपर्यंत पोहोचत नव्हता, आणि दिशासंकेत चालू असेपर्यंत प्रक्षेपकावरून तिचा आवाज जाणार नव्हता.

ठरल्या दिवशी ती बाहेर पडली. चार तासांनी, तिने लावून ठेवल्याप्रमाणे, संकेत आपोआप लागला, आणि तो इतका स्वच्छ होता की नियंत्रण कक्षातल्यांनी एकमेकांकडे पाहिलं. यान अलगद उतरलं. टाळ्या झाल्या, लोक चहाला गेले. रेबेलो तिथेच कानाला हेडफोन लावून बसून राहिले. तीन महिन्यांत पहिल्यांदाच लाइन तुटत नव्हती, आणि पलीकडे बोलायला कोणी नव्हतं.

आत यायला तिला वीस मिनिटं पुरायला हवी होती. पाच तास झाले. साडेपाच झाले. तळाच्या दारात धूळ अडकली होती, हे त्यांना दुसऱ्या दिवशी कळायचं होतं. त्या घटकेला त्यांना एवढंच कळत होतं की संकेत स्वच्छ आहे, म्हणजे त्या खोलीत कोणी श्वास घेत नाही.

त्यांनी हेडफोन घट्ट दाबून धरले.

पाच तास पन्नास मिनिटांनी आवाजात बारीकशी कुरकुर आली.

"सर, संकेत बिघडतोय," चहा घेऊन परतलेली तंत्रज्ञ म्हणाली आणि तिने आवाज बंद करायला बटणाकडे हात नेला.

"राहू दे," रेबेलो म्हणाले.

कुरकुरीची खरखर झाली. खरखर वाढत गेली. त्यांचे डोळे भरून आले होते. लाइन तुटेपर्यंत ते ती ऐकत राहिले, एक क्षणही चुकू न देता.