रिकामा कॅरियर

भाईमामांचं कसालला सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. संध्याकाळी दुकान बंद करून आले की रॉकेलने हात पुसत ते पडवीत बसायचे. एका डिसेंबरात, १९८९ साली, माझा मावसभाऊ लवू धामापूरच्या बाजूला दहिकाला, म्हणजे रात्रभराचं दशावतारी नाटक, बघायला निघाला होता. रात्रीचे नऊ वाजून गेले होते.

"भाई, मागच्या चाकात जरा हवा मारा. आतल्या रस्त्यान जातंय. चढ आसत, पण गाडी म्हणान एक नाय. मजा येता सायकल मारूक."

"हवा मारतंय. कॅरियरार काय नेतंस?"

"काय नाय. रिकामो."

भाईंनी पंप उचलला होता, तो परत भिंतीला टेकवला. "मगे जरा बस. काला काय बारा वाजल्याबिगर सुरू होणा नाय."

लवू हसत बसला. मीही चुलीवरचं दूध उतरवून दारात आले. भाईंनी सांगितलं ते असं.

धामापूरच्या तळ्याकडून एक रस्ता डोंगर चढून पलीकडच्या वाडीत उतरतो. त्या वाडीत परशुराम राहायचा. टपाल वाटायचं काम. रोज सायकलवर वीस-पंचवीस मैल. सायकलीला काही झालं की भाईंकडेच यायचा, म्हणून ओळख. घरात तो, त्याची आई यशोदा आणि बायको नर्मदा. नर्मदेची आधीची दोन बाळंतपणं वाईट गेली होती. दोन्ही मुलं हाती लागली नव्हती. ही तिसरी खेप.

त्या चढाच्या माथ्यावर किंजळीच्या झाडाखाली थळ, म्हणजे राखणदाराची जागा, आहे. देऊळ नाही, मूर्ती नाही, नुसता दगडांचा ढीग. त्या रस्त्यावरची रीत अशी, की दिवस मावळल्यावर रिकामा कॅरियर घेऊन माथा ओलांडायचा नाही. थळाकडचा एक दगड कॅरियरवर बसवायचा, चिमटा लावायचा, आणि उतार संपला की रस्त्याच्या कडेला काढून ठेवायचा. जागा भरलेली असली म्हणजे दुसरं कोणी बसत नाही, असं जुनी माणसं म्हणत.

"आणि परशुराम ठेवूक विसरलो," लवू म्हणाला.

"विसरलो नाय रे. त्येका सवयच नाय होती. त्येच्या कॅरियरार रोज टपालाची थैली. दगड ठेवची पाळीच कधी इली नाय."

१९८४ साल. नोव्हेंबरची बावीस तारीख, गुरुवार, अमावास्या. नर्मदेचे दिवस अजून भरायचे होते, पण रात्री दहाच्या सुमाराला कळा सुरू झाल्या. शेवटची एसटी साडेसहालाच गेलेली. वाडीत मोटार नाही, फोन नाही. कृष्णाबाई सुईण तळ्याजवळ राहायची. तिला कॅरियरवर बसवून आणायचं, एवढंच काम. परशुरामने थैली खुंटीला अडकवली आणि सायकल काढली.

माथ्यापर्यंत चढ त्याने उभं राहून मारला. पुढे उतार. सायकल आपोआप सुटली. थळ मागे गेलं. थोड्याच वेळात त्याला वाटलं, ब्रेक नीट लागत नाहीत. सायकल नेहमीपेक्षा जोरात ओढत होती... सामान असल्यासारखी.

त्याने लक्ष दिलं नाही. डोक्यात नर्मदा होती.

कृष्णाबाईच्या बेड्याबाहेर, कुंपणाच्या फाटकाशी, उभं राहून त्याने हाक मारली. ती लगेच आली, हातात कंदील, काखेत गाठोडं. चाळिशीची, धडधाकट बाई. बसायला म्हणून सायकलीजवळ आली आणि थांबली. कंदील खाली केला.

"परशुराम, माका बसाक जागा खंय आसा?"

"कृष्णाबाय, मस्करी नको गो. ती थंय मरता हा."

"मागचा चाक बघ."

टायर दबलेला होता. वजनदार माणूस बसल्यावर दबतो, तसा. परशुरामने अंगठ्याने दाबून पाहिला. हवा गच्च होती.

"थळाकडे दगड ठेवलंस?"

त्याने नकारार्थी मान हलवली.

कृष्णाबाई हळू आवाजात म्हणाली, "माझ्या बेड्याच्या आत येव नको. मी पायवाटेन जातंय. तू रस्त्यान जा. थळाकडे थांब, दगड ठेव, हात जोड. उतारला तर चाक वर येतला. नाय उतारला तर घराकडे थांबू नको. आयकलंस? आपला दार दिसला, सायकल थांबली, काय ता उतारता आणि भितर जाता. बाळंतिणीच्या घरात..." कंदील घेऊन पायवाटेला लागली.

तो चढ त्याने सायकल ढकलत चढला. ढकलताना डायनामोचा दिवा जेमतेम निखाऱ्याएवढा लालसर. मागे वजन. थळाकडे त्याने ढिगावर दगड ठेवला. हात जोडले. पाया पडला. "चुकलंय. माझी बायल अडली हा. उतर. काय व्हया ता मागून घे, पण उतर."

चाक वर आलं नाही.

तो उताराला लागला. वाडी आली. घरातला दिवा दिसला. नर्मदेचा आवाज रस्त्यापर्यंत येत होता. आई अंगणातून धावत आली.

"इलंस? कृष्णाबाय खंय आसा?"

"पायवाटेन येता, आये!"

"अरे थांब! खंय चल्लंस? परशुराम!"

तो थांबला नाही. पायडल मारत पुढे गेला. सांगणार काय? ओढ्यावरच्या साकवापर्यंत गेला. वळला. पुन्हा घरासमोरून. आई आता रस्त्यावर उभी. ती ओरडत होती, "मेल्या, बायल मरता हा आणि तू सायकल मारतंस!" तिच्या अंगाला हँडल घासून गेलं. तो रडत होता. पुन्हा माथा. पुन्हा दगड. पुन्हा हात जोडले. वजन तसंच.

पायवाटेने माणूस अर्ध्या-पाऊण तासात वाडीत पोचतं. कृष्णाबाई आली नव्हती.

दुसऱ्यांदा उतरताना नर्मदेचा आवाज बारीक झाला होता. तो थांबला नाही. साकव. वळण. पोटऱ्या दगडासारख्या. तोंडाला फेस. अख्ख्या रस्त्यावर एक माणूस नाही, एक दिवा नाही. त्याचाच तेवढा... चाक फिरेल तोवर.

चौथ्यांदा घर आलं.

आवाज नव्हता.

काहीच नव्हतं. रातकिडेसुद्धा नाहीत.

आई रस्त्यावर बसली होती. तिने वर पाहिलं नाही.

परशुरामने ब्रेक दाबला.

दिवा गेला. अंधार. पाय जमिनीला लागला... आणि मागे कॅरियरचा चिमटा वाजला. टक्. सायकल एकदम हलकी झाली, इतकी की त्याच्या हातातून सुटून पडली.

"आये... काय केलंय मी..."

अंगणातून दाराकडे काही गेलं का? त्याला दिसलं नाही. दार मात्र लागलं. आतून कडी सरकल्याचा आवाज दोघांनी ऐकला.

तो दारावर धडकला. खांद्याने, डोक्याने. आई भिंतीला धरून उभी. "भितर कोण आसा रे? मी तर हयसर आसंय..." तो हाका मारत होता, "नर्मदे! नर्मदे!"

आत शांत.

किती वेळ... कोण जाणे.

मग मूल रडलं.

त्याच वेळी मागच्या बाजूने कृष्णाबाई आली. कंदील विझलेला, लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं. अर्ध्या वाटेत कंदील विझला होता आणि अंधारात ती ओढ्यात उतरून भरकटली होती. तिने दाराला हात लावला. दार उघडलं. कडी नव्हतीच जणू.

खोलीत दिवा जळत होता. नर्मदा पडून होती. डोळे मिटलेले, श्वास चालू. कुशीत मूल, नीट पुसलेलं, जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं. मुलगी.

कृष्णाबाई जवळ बसली. नर्मदेने डोळे उघडले आणि तिचा हात धरला.

"मगाशी किती थंड होते गो तुमचे हात..."

कृष्णाबाईने परशुरामकडे पाहिलं. मुलीचं पांघरूण बाजूला केलं. नाळ कापलेली होती. बांधलेलीही होती. तिच्या गाठोड्यातला दोरा तर गाठोड्यातच होता.

भाई थांबले. लवूने त्या मुलीचं विचारलं, "चेडू आसा मां?"

"आसा. पाच वर्षांचा. शाळेत जाता."

"मगे नाळ बांधली कोणी?"

भाईंनी रॉकेलचं फडकं बाजूला ठेवलं. मग म्हणाले, "आठव्या दिवशी नाळ पडली. परशुराम ती गाठ कागदाच्या पुडीत घालून माझ्या दुकानात घेऊन इलो. म्हणालो, भाई, तुम्ही बघा, माका एकट्याक झेपणा नाय."

"दोरो होतो?"

"केस होतो. बाईमाणसाचो. हातभर लांब, तीन पदरी वळलेलो."

यशोदाबाईंचे केस तेव्हा काळे होते. नर्मदेचे काळे. कृष्णाबाईचेही.

"आणि तो..." भाईंनी आपल्या हाताकडे पाहिलं. "पांढरो सफेत."