अंगठ्याची खोबण

मेस्काइटच्या लाकडावर कानस चालवली की जळक्या साखरेचा वास येतो.

नदीनची आई एकसष्टाव्या वर्षी स्वतःच्या घराचा रस्ता विसरली. नदीन यंदा एकसष्टची.

शनिवारी अल्पाइन गावच्या मैदानात वासरं दोराने पकडायची स्पर्धा.

खाकी कागदावर पेन्सिलीने गिरवलेला, वेल्डन प्रुइटचा उजवा हात.

वेल्डनला वडिलांच्या जुन्या रिव्हॉल्व्हरला नवी मूठ हवी होती, स्वतःच्या पंजाच्या मापाची. मुठी घडवणं हाच नदीनचा धंदा. दर गोळीला रिव्हॉल्व्हरचा घोडा अंगठ्याने मागे ओढायचा, म्हणून सोमवारी तिने मुठीच्या डाव्या फळीत अंगठ्यापुरती खोबण कोरली, तेल चोळलं आणि दुकान बंद केलं.

मंगळवारी सकाळी फळी सपाट. लाकडाच्या रेषा सलग, कानस कधी लागलीच नसावी अशा.

तिने पुन्हा कोरली. बुधवारी सपाट. परत कोरली. भुसा मात्र तिने फेकला नव्हता. गुरुवारी सुपलीत तीन ढीग होते, आणि फळी सपाट.

मग हा भुसा कशाचा?

शुक्रवारी वेल्डन आला. त्याने मूठ धरून पाहिली.

"अगं, अंगठा काय खिशात ठेवू?"

"मी खोबण कोरली होती, वेल्डन. तीनदा."

"म्हातारी झालीस, नदीन!"

"आणि तू अजून बोळ्याने दूध पितोस!"

तो खो खो हसला. गमतीत अंगठा मागे दुमडून त्याने चारच बोटांनी मूठ धरली. कुठे केसाएवढी फट राहिली नाही.

"अशी मात्र झकास बसते बघ."

उद्याच्या स्पर्धेत दोर धरू नकोस, हे तिच्या अगदी ओठांवर आलं. पण का, म्हणून त्याने विचारलं असतं. मग सपाट फळीचं सांगावं लागलं असतं, आणि ही आईच्या वळणावर गेली, असं गावभर झालं असतं.

"ठेवून जा. नवी करते," ती म्हणाली.

वेल्डन तीन आठवड्यांनी आला. स्पर्धेत दोर खोगिराच्या पुढच्या खुंटीला गुंडाळताना अंगठा मध्ये सापडून तुटला होता. बँडेजबाहेरची चार बोटं त्याने मुठीभोवती वळवली.

"आता बसली. काय केलंस गं?"

नदीनने मुठीला हातही लावला नव्हता.

पहिल्या दिवशी त्याचा हात कागदावर गिरवताना अंगठ्यापाशी पेन्सिलीचं टोक मोडलं आणि अंगठा राहून गेला, तेव्हा नदीनच म्हणाली होती, "असू दे, अंगठ्यावाचून अडत नाही."