नमुन्याची फाइल

परवाना कचेरीतल्या कारकुनाने तिसऱ्यांदा कागद परत केले तेव्हा नर्सबाईंनी अक्षरशः हात टेकले. आगीच्या बंदोबस्ताचा दाखला होता. न्हाणीघरात धरायला दांड्या बसवल्या होत्या, चाकाची खुर्ची जाईल इतकी दारं रुंद केली होती. आता आणखी काय राहिलं? तर म्हणे, रहिवाशाची नमुना फाइल. माणसांच्या नोंदी कशा ठेवणार ते दाखवा, आणि एकही रकाना कोरा नको.

"पण अजून राहायला कोणी आलेलंच नाही," बाई म्हणाल्या.

"मग ठरवा की कोणीतरी," कारकून म्हणाला आणि त्याने पुढच्याला हाक मारली.

बावीस वर्षं वॉर्डात काढलेली बाई. फाइल भरणं म्हणजे हातचा मळ. पण खेटे घालून घालून जीव मेटाकुटीला आला होता. चार खाटांचं हे शुश्रूषेचं घर त्यांनी मांडलं होतं ते दादासाठी. आईवडील गेल्यावर ज्याने त्यांना वाढवलं, तो दादा अपघातानंतर अर्ध्या अंगाने पडून होता. त्याचा वॉर्ड महिनाअखेर बंद होणार होता. तिथल्याच आणखी तिघांना बाईंनी जागा कबूल केली होती, चौथी खाट दादाची. परवाना हुकला तर दादाची रवानगी दिवसभराच्या प्रवासावरच्या संस्थेत, एका दालनात पन्नास जण. स्वतःच्या घरी न्यावं, तर घर तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्टचा पत्ता नाही. बाई भेटायला गेल्या की दादा एवढंच विचारायचा, "घरी कधी?"

त्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर बाईंनी एक म्हातारा रचला. टेलरकाका, वय चौऱ्याहत्तर, खोली क्रमांक तीन. नजर अधू, फक्त काळा दोरा ओवता येतो. चहाचा शेवटचा घोट कपात ठेवतात. बंद दाराची भीती वाटते, सबब दार वीतभर उघडं ठेवावं. जवळच्या नातेवाइकाचा रकाना आला तेव्हा बाईंनी सरळ स्वतःचंच नाव आणि पत्ता टाकला. नातं: मुलगी.

नवऱ्याने खांद्यावरून वाचलं आणि हसून म्हणाला की, अगदी जिवंत म्हातारा उतरवलायस हं.

फाइल मंजूर झाली. तपासणीला आठ दिवस होते. बाई रोज त्या रिकाम्या घरात जाऊन पडदे लाव, गाद्यांना खोळी घाल, असं काहीबाही करत बसायच्या. तीन नंबरचं दार काही केल्या बंद राहीना. सुताराने बिजागऱ्या पाहिल्या, दार ओळंब्यात, अगदी सरळ आहे म्हणाला. आणि सकाळी पाहावं तर वीतभर उघडं.

मग झाडणाऱ्या मावशी कुरकुरल्या, की तीन नंबरात कोण लोळतं? चादर रोज मीच का नीट करायची? बाईंनी त्यांनाच दटावलं. पण त्या दिवशी खिडकीच्या कट्ट्यावर एक कप सापडला. तळाशी घोटभर चहा होता. घरातला गॅस अजून जोडलेला नव्हता. बाईंनी कप धुतला आणि कोणालाही सांगितलं नाही. परवाना तोंडावर आलेला, उगाच शोभा कशाला?

तपासनीस भर दुपारी आले. कपाळाला आठ्या, अंगात फिकट कोट, त्याचं एक बटण धाग्यावर लोंबत होतं. बाईंना वॉर्डातून फोन आला म्हणून ते एकटेच आत गेले. फोन संपला तरी ते तीन नंबरात होते. वीस मिनिटांनी बाहेर आले तेव्हा आठ्या मावळल्या होत्या.

"कमी बोलतात काका," ते म्हणाले, "पण तुमच्याबद्दल तक्रार नाही. मुलीचं फार कौतुक."

बटण जागेवर होतं. काळ्या दोऱ्याने घट्ट शिवलेलं.

परवाना चार खाटांचा मिळाला. त्याखाली तपासनिसांनी लिहिलं: एक भरलेली, तीन रिकाम्या.

तो नुसता नमुना होता, असं कोणीही नाही, हे बाई अजिजीने सांगायला लागल्या. तपासनिसांचा चेहरा उतरला.

"बाई, मी आत्ता बोललो त्यांच्याशी. खोलीतल्या माणसाला नाही म्हणणाऱ्यांच्या हाती मी माणसं सोपवू?"

खाट मोकळी करायची तर रहिवासी गेल्याचा अर्ज भरा, असं सांगून तपासनिसांनी कागद पुढे सरकवला.

तीन पर्याय होते. मृत्यू. दुसरी संस्था. घरी.

पहिला लिहायला हात धजेना. दुसऱ्याला त्या संस्थेचं पत्र लागणार होतं.

त्यांनी तीन नंबरात डोकावून पाहिलं. कोणी नव्हतं. चादर मधोमध दबलेली. कट्ट्यावर कप. त्यांनी हात लावून पाहिला.

कोमट होता.

दादाचा चेहरा डोळ्यांपुढे आला. बाईंनी 'घरी'वर खूण केली. खाली स्वतःचा पत्ता लिहिला आणि सही केली: वडिलांना घरी नेत आहे.

चौथ्या दिवशी दादा आला. तीन नंबरच्या खाटेवर त्याला टेकवून बसवलं तेव्हा त्याने खोलीभर नजर फिरवली आणि लहान मुलासारखा हसला. बाईंनी दार लावून पाहिलं. लागलं, आणि लागलेलंच राहिलं. त्या तिथेच उभ्या राहून पोटभर रडल्या.

दिवेलागणीला त्या तीन जिने चढून आपल्या घरी आल्या. नवरा टेबलाशी पेपर वाचत होता. त्याच्या पांढऱ्या सदऱ्याचं गळ्याजवळचं बटण कित्येक महिने तुटलेलं होतं, आज लावते उद्या लावते म्हणत राहूनच गेलेलं.

ते लागलेलं होतं. काळ्या दोऱ्याने.

टेबलावर दोन कप होते. आतल्या खोलीचं दार वीतभर उघडं होतं. बाई पुढे झाल्या आणि त्यांनी कडीला हात घातला.

"अगं, लावू नकोस ते," पेपरातून मान वर न करता नवरा म्हणाला. "बाबांना भीती वाटते. तूच तर लिहून दिलंयस."