कानशीनं घासलेलं बटण

आमची पहिली भेट जमिनीवर झाली. चाचणीच्या खोलीच्या दारात मी त्याला धडकले, हातातलं बटण उडालं आणि आम्ही दोघंही गुडघ्यांवर बसून ते कपाटाखाली शोधू लागलो. सापडलं त्यालाच.

"हे तुमचं?"

"माझंच... म्हणजे, नव्या गेम कन्सोलच्या कंट्रोलरचं. डिझाइन माझं आहे."

"मग जपून दाबतो," तो म्हणाला आणि हसला.

त्याचं कामच ते. यंत्राच्या रबरी बोटाखाली प्रत्येक बटण दहा लाख वेळा दाबून बघायचं. सगळे त्याला दशलक्षच म्हणत. एका बटणाला अकरा दिवस लागायचे, आणि ते अकरा दिवस मी काहीतरी निमित्त काढून रोज तिकडे जायचे. तो आकडा सांगायचा – आज चार लाख झाले, तुमचं बटण माझ्यापेक्षा चिवट दिसतंय. मी लाजायचे. पण त्या लाजेत दुसरी एक लाज मिसळलेली होती.

ते बटण मुळात अडकत होतं. तारीख तोंडावर आली होती, म्हणून मी त्याची कड कानशीनं थोडीशी घासली आणि नमुना त्याच्या हाती दिला. कारखान्यात जाणारं ड्रॉइंग मात्र तसंच ठेवलं. बटण पास झालं.

महिन्याभरानं कारखान्यातून पहिले दोनशे कंट्रोलर आले. दोनशेच्या दोनशे बटणं अडकत होती. भर बैठकीत साहेबांनी दशलक्षला उभं केलं, चाचणी न करताच सही ठोकलीस म्हणाले, आणि त्याला चाचणीच्या कामावरून बाजूला केलं. तो समोरचे कागद गोळा करून निघाला. चोराच्या मनात चांदणं... मी मान खाली घालून वहीत चौकोन काढत बसले. स्वतःची इतकी शरम मला कधीच वाटली नव्हती.

दुपारी त्याच्या टेबलाशी गेले. मायक्रोस्कोपखाली माझंच बटण होतं. तो बाजूला सरकला. मी वाकून पाहिलं, तर कडेवर कानशीचे ओरखडे स्पष्ट दिसत होते.

"तुम्हाला कधी कळलं?"

"बैठकीच्या आधी."

"मग सांगितलं का नाहीत?"

"तुम्ही सांगाल असं वाटलं होतं." त्यानं बटण माझ्यापुढे सरकवलं. "अजूनही वाटतंय."

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. मी बटण उचललं, साहेबांना म्हटलं सगळ्यांना परत बोलवा, आणि सगळ्यांसमोर सांगून टाकलं. माझी ठरलेली बढती गेली, आणि बटण दुरुस्त करायचं कामही माझ्याच गळ्यात पडलं. त्याला त्याचं यंत्र परत मिळालं.

तीन आठवड्यांनी मी नवं बटण घेऊन त्याच दारात उभी राहिले. वर बघवेना.

"कानस लावलेली नाही," मी म्हटलं. "तपासून घ्या."

त्यानं खरंच तपासलं, चारही बाजूंनी, सावकाश. माझे कान तापले. पण त्यानं न बघताच घेतलं असतं, तर मला तो इतका आवडला नसता.

"अजून एक सांगायचंय," मी म्हटलं. "तुम्ही मला आवडता... पहिल्या दिवसापासून. पण उत्तर हे बटण पास झाल्यावरच द्या."

"म्हणजे अकरा दिवस?"

"अकरा दिवस."

त्यानं बटण रबरी बोटाखाली बसवलं, यंत्र सुरू केलं आणि शेजारी दुसरी खुर्ची ओढली.

"बसा," तो म्हणाला. "मी एकटा किती मोजणार?"