न विचारता टाकलेलं गवत

वसाहतीच्या मागच्या कोपऱ्यातल्या खताच्या ढिगाला कुजका वास का येतोय, याचा उलगडा तिला त्या सकाळी अचानक झाला. केसांत गवताच्या काड्या अडकलेला एक उंच तरुण हिरव्यागार गवताचं अख्खं पोतं ढिगावर रिकामं करत होता. वर मजेत शीळही घालत होता. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

हा ढीग तिने उभा केला होता. घरोघरची देठं, साली, उरलंसुरलं अन्न ती बादल्यांतून आणायची, त्यावर सुका पाला पसरायची आणि औषधांच्या दुकानात कामाला जाण्याआधी लांब दांड्याच्या लोखंडी काट्याने सगळं वरखाली करायची. लोक तिला ‘खतबाई’ म्हणून चिडवत, आणि कुंड्यांना खत हवं झालं की डबे घेऊन तिच्याच दारात उभे राहत.

“कुणाला विचारून टाकलंत हे?”

तो दचकला. वसाहतीतलं गवत कापायला नवीनच लागलेला माणूस होता तो.

“तुमच्यासाठीच…” तो म्हणाला. “तुम्ही रोज एवढासा पाला गोळा करत असता. म्हटलं, माझ्याकडे तर पोत्यांनी गवत असतं—”

ओल्या गवताचा गच्च थर बसतो, आत हवा जात नाही आणि सगळं सडतं, हे तिने त्याला अशा आवाजात समजावलं की दोन खिडक्या उघडल्या.

“आणि वरून थापलंत कशाला?”

“छान दिसावं म्हणून.”

त्याचा चेहरा इतका प्रामाणिक होता की एरवी ती हसली असती. पण त्याच दुपारी तिचा सख्खा काका नाकाला रुमाल लावून आला. काका वसाहतीचा अध्यक्ष, आणि त्याचा डोळा कधीपासून त्या कोपऱ्यावर होता, कारण त्याला तिथे नवी गाडी उभी करायची होती. रविवारपर्यंत वास गेला नाही तर ढीग उचलायचा, असं त्याने जाहीर करून टाकलं. पुतणी म्हणून सवलत नाही, हेही वर ऐकवलं. ती घरी येऊन रागाने रडली.

दुसऱ्या सकाळी गवतवाला दारात हजर. सुताराकडून लाकडाचा भुसा आणला होता आणि एक जास्तीचा काटाही.

“आत येऊ का?” त्याने उंबऱ्याबाहेरूनच विचारलं.

आणि मग त्याने विचारण्याचा सपाटाच लावला. भुसा इथे ठेवू का? हा गोळा फोडू का? आता पाणी पिऊ का? चिकट, काळपट गवत दोघं मिळून सुटं करत, त्यात भुसा आणि पाला मिसळत. ती तुटक उत्तरं द्यायची. त्याच्या केसांत रोज एक तरी काडी असायची, आणि ती काढून टाकायला आपले हात शिवशिवतात, याचाच तिला जास्त राग यायचा. एकदा मध्येच सर आली. ढिगावर ताडपत्री ओढताना दोघांची बोटं एकाच टोकावर पडली. तो तिच्याकडे बघतच राहिला… “सोडू का?” त्याने हळूच विचारलं. तिने टोक सोडलं नाही.

रविवारी काका आला. रुमाल काढून त्याने मोठा श्वास घेतला, पुन्हा एकदा घेतला. ओल्या मातीचा वास येत होता, आणि काटा घातला की आतून उबदार वाफ निघत होती. काका काहीतरी पुटपुटत, गाडीला जागा शोधायला दुसरीकडे गेला.

ढीग वाचला होता. गवतवाल्याने काटा धुऊन भिंतीला टेकवला.

“मग… निघू का मी?”

झालं, तिचा भडका उडाला.

“भुसा इथे ठेवू का, पाणी पिऊ का, सगळं विचारलंस! आणि आज विचारतोस काय, तर निघू का?”

अहोजाहो कधी गळून पडलं, ते तिलाही कळलं नाही. त्याला मात्र कळलं. कानापर्यंत लाल झाला तो.

“भीती वाटते,” तो म्हणाला. “चांगलं करायला गेलो, तर गवताने घोटाळा केला. हेही बोलून बसलो, आणि तुम्ही—”

“तू म्हण.”

“तू बोलणंच टाकलंस तर? मला तू आवडतेस. पहिल्या दिवसापासून. तू दिसावीस म्हणूनच मी पोती घेऊन यायचो…”

“मग तसं सांगायचं होतं ना! माझ्या ढिगाचा जीव का घेत होतास?”

तो हसला. ती हसली नाही… निदान तसा प्रयत्न तरी केला.

“उद्या लवकर ये,” ती म्हणाली. “गवत आण, पण वाळवून.”

“आणि राग? तो गेला का?”

“नाही गेला. रोज येऊन बघत जा.”

असं म्हणून ती पुढे झाली आणि त्याच्या केसांतली काडी तिने काढून घेतली, न विचारता.