उजवीकडचा अंगद

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा अंगद दोन होते. दोघांच्या खांद्यावर घोंगडी, दोघांच्या हातात काठी, आणि दोघंही माझ्यावरच चिडलेले.

नांदूरघाटजवळच्या शेतात आमच्या मेंढ्या खतासाठी बसवल्या होत्या. बांधापलीकडे अंगदच्या घरच्या. नुकतीच लोकर कातरून झाली होती, आणि आमच्या मेंढ्यांच्या पाठीवर लाल खूण करायचं काम माझ्याकडे होतं.

"तुमचा लाल रंग आमच्या पाच मेंढ्यांवर कावून?"

"तुमच्या मेंढ्या आमच्यात कावून?" मीही काही कमी नव्हते.

चूक माझीच होती. पण समोरचा खरा कोणता, तेच कळेना, म्हणून मी एक डोळा मिटून त्याच्याकडे नीट पाहिलं. तो कानापर्यंत लाल झाला आणि पुढचं भांडण तसंच सोडून मेंढ्या हाकत निघून गेला.

दुसऱ्या दिवशी तो भांग पाडून आला. तिसऱ्या दिवशी धुतलेला सदरा. चौथ्या दिवशी बांधावर बसून हळूच म्हणाला, "तुमी रोज डोळा मारता... पर बोलत काहीच न्हाई."

मी पोट धरून हसले. आणि हसता हसता रडायलाच आलं... कारण आता खरं सांगावं लागणार होतं. खरं ऐकून दोन स्थळं आधीच परत गेली होती. ती गेली त्याचं मला फारसं काही वाटलं नव्हतं. हा गेला असता तर वाटलं असतं.

"मला फिट येते," मी म्हणाले. "बीडच्या डॉक्टरची गोळी हाय. सकाळी घेतली की दोनेक तास सगळं दोन-दोन दिसतं. एक डोळा मिटला की एकच दिसतं, म्हणून मिटते. तुमच्यासाठी न्हाई."

तो बराच वेळ काठीनं माती उकरत राहिला. मी मनातून आशा सोडून दिली.

"मंग... आता मी दोन दिसतो?"

"हां."

"त्यातला बरा कोणता?"

"उजवीकडचा... जरा बरा हाय."

तो हसला, मग एकदम गंभीर झाला. "डॉक्टरला सांगितलं का, दोन दिसतं म्हणून?"

"न्हाई. त्यांनी गोळीच बंद केली तर?"

"सांगा. आन् तोवर तुमच्या मनानं बंद करू नका."

पुढच्या सोमवारी बीडला जायचं ठरवलं. पण त्याआधीच्या शुक्रवारी अंगद आईवडिलांना घेऊन मला बघायला आला.

त्या सकाळी माझी आई, साखराबाई, गोळ्यांची डबी पदराआड लपवून उभी होती. "आजच्या दिवस राहू दे, उज्ज्वला. ते गेल्यावर घे."

मागच्या दिवाळीत एक गोळी चुकली होती. फिट येऊन चुलीपुढे पडले, हात भाजला, तो डाग अजून मनगटावर आहे. मी आईपुढे हात धरला. तिनं डागाकडे पाहिलं आणि मुकाट्यानं डबी दिली.

चहा घेऊन गेले तेव्हा समोर सहा माणसं होती. म्हणजे तिघंच. मी एक डोळा मिटला.

"पोरगी डोळा कावून मिटती?" अंगदची आई, कौशल्याबाई, म्हणाल्या.

बाबांनी मान खाली घातली. मी ताट खाली ठेवलं आणि सगळं सांगून टाकलं. फिट, गोळी, डाग, दोन-दोन दिसणं.

"पाच मेंढ्यांवरचा लाल रंग धू म्हणलं तर हा धुईना," कौशल्याबाई लेकाकडे बघत म्हणाल्या. "आज कळलं कावून." मग माझ्याकडे वळल्या. "आज गोळी घेतली का, बाई?"

"घेतली."

"मंग दे चहा."

आधी त्याच्या आईवडिलांना दिला. तिसरा कप उरला. या वेळी मी डोळा मिटला नाही. दोन अंगद बसले होते. मी कप उजवीकडच्यापुढे धरला, आणि तिथे कुणीच नव्हतं... हात तसाच हवेत राहिला.

अंगद बसल्या जागेवरून सरकला, माझ्या हाताखाली येऊन बसला आणि त्यानं कप घेतला.